प्लगइन मागे नेता येते, माहिती नाही

संकेतस्थळांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी या वेळी प्लगइनचे (संकेतस्थळाला जादा सोयी देणाऱ्या जोड-प्रोग्रामचे) अपडेट आणि संकेतस्थळावरील माहितीची सुरक्षितता यांविषयीचे प्रश्न निवडले आहेत. बहुतेक प्रश्न वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीबद्दल असल्याने उत्तरेही त्याच अनुषंगाने दिली आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर सदस्यांच्या नोंदी एका प्लगइनमार्फत ठेवल्या जातात. प्रत्येक अपडेटच्या आधी मी प्लगइनची जुनी झिप फाइल जपून ठेवतो. मागच्या खेपेस मोठे अपडेट केल्यावर काही पाने उघडेनाशी झाली, म्हणून जुनी आवृत्ती पुन्हा बसवली. पाने उघडली, पण सदस्यांची यादी मात्र रिकामी दिसते. सगळी माहिती गेली का?

उत्तर : बहुधा गेलेली नाही. ती जिथे ठेवली आहे तिथे जुन्या आवृत्तीला शोधता येत नाही, एवढाच याचा अर्थ असण्याची शक्यता अधिक आहे. प्लगइनच्या फाइली सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये असतात, तर त्या प्लगइनने साठवलेली माहिती डेटाबेसमध्ये असते, आणि झिप फाइल जपून आपण त्यातील फक्त पहिला भाग जपतो. नवा मुनीम आला आणि त्याने खतावणीची पाने नव्या पद्धतीने मांडली, तर जुन्या मुनिमाला परत बोलावल्याने खतावणी पूर्ववत होत नाही; तुमच्याकडे नेमके हेच झालेले दिसते.

तपशिलात सांगायचे, तर अनेक प्लगइन आपल्या डेटाबेस-रचनेचा एक क्रमांक डेटाबेसमधील 'ऑप्शन्स' या सेटिंगच्या टेबलमध्ये नोंदवून ठेवतात. नवी आवृत्ती प्रथम चालू झाली की ती हा क्रमांक पाहते आणि तो जुना असल्यास नोंदींचे स्थलांतर करते : नवी टेबले तयार होतात, जुन्या रकान्यांतील मजकूर तिकडे हलवला जातो आणि कधी जुने रकाने काढूनही टाकले जातात. मायएसक्यूएल या वर्डप्रेसच्या डेटाबेस-प्रणालीत टेबलची रचना बदलणारा आदेश एकदा चालला की तो मागे घेता येत नाही, त्यामुळे स्थलांतर अर्ध्यावर थांबले तर डेटाबेसही अर्धवट अवस्थेतच राहतो. वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या प्लगइनचे उदाहरण बोलके आहे. त्यात ऑर्डरी पूर्वी लेखांच्याच टेबलमध्ये साठवल्या जात. २०२३ मधील ८.२ या आवृत्तीपासून नव्या दुकानांसाठी ऑर्डरींची स्वतंत्र टेबले ही मूळ व्यवस्था झाली. जुन्या दुकानांना मागे-पुढे जाता यावे म्हणून दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जुळत्या ठेवण्याची सोयही त्यात दिली गेली. इतकी काळजी सगळेच प्लगइन लेखक घेतात असे नाही.

आता तुम्ही काय करावे? सर्वप्रथम, प्लगइन काढून पुन्हा बसवण्याचे प्रयोग थांबवा आणि डेटाबेस आज ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेतच त्याची प्रत घ्या. बिघडलेल्या डेटाबेसची प्रत कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अपडेटनंतर आलेल्या नोंदी फक्त त्याच डेटाबेसमध्ये आहेत. मग डेटाबेस पाहण्याच्या साधनात, म्हणजे पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये जाऊन त्या प्लगइनची टेबले पाहा. नवीन नावाच्या टेबलमध्ये सदस्यांच्या ओळी दिसल्या, तर काळजीचे कारण पुष्कळ कमी झाले. यानंतर संकेतस्थळाची स्वतंत्र चाचणी-प्रत तयार करून तिच्यावर नवी आवृत्ती पुन्हा बसवा आणि पाने का उघडत नव्हती याचा तिथे शोध घ्या. सर्व्हरवरील पीएचपीची (वर्डप्रेस ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिले आहे तिची) जुनी आवृत्ती किंवा दुसऱ्या एखाद्या प्लगइनशी झालेला संघर्ष, ही दोन कारणे वारंवार आढळतात. माझ्या मते अशा वेळी मागे जाण्यापेक्षा पुढे जाऊन दोष दुरुस्त करणे बहुधा अधिक सुरक्षित ठरते. मागेच जायचे असेल, तर फाइली आणि डेटाबेस दोन्ही एकाच वेळी घेतलेल्या बॅकअपमधून परत आणावे लागतील आणि मधल्या काळातील नोंदी आत्ता घेतलेल्या प्रतीतून वेगळ्या काढून पुन्हा भराव्या लागतील.

पुढच्या वेळेसाठी एवढे पाळावे. अपडेटपूर्वी त्या आवृत्तीतील बदलांची टिपणे वाचावीत आणि त्यांत डेटाबेस बदलण्याचा उल्लेख आहे का, हे मुद्दाम पाहावे. आवृत्तीचा पहिला आकडा बदलला की मोठा बदल असतो, हा संकेत उपयोगी असला तरी प्रत्येक लेखक तो पाळतोच असे नाही. वर्दळ कमी असताना, नव्या नोंदी स्वीकारणे थोडा वेळ थांबवून, बॅकअप घ्यावा आणि एका वेळी एकच प्लगइन अपडेट करावे; पाच प्लगइन एकदम अपडेट करून संकेतस्थळ बिघडले, तर कोणत्या प्लगइनने घात केला हे शोधण्यात दिवस जातो. मुखपृष्ठ उघडले म्हणून समाधान मानू नये. एक फॉर्म भरून पाहावा, सदस्य म्हणून लॉगइन करून पाहावे आणि नोंदींची संख्या आधीच्या संख्येशी ताडून घ्यावी. नोंदी पुष्कळ असतील तर काही प्लगइन स्थलांतर तुकड्यातुकड्यांनी पार्श्वभूमीवर करतात, त्यामुळे पहिल्या मिनिटाला अपुरी दिसणारी यादी थोड्या वेळाने पूर्ण होऊ शकते. अशा वेळी घाईने जुनी आवृत्ती बसवणे हेच नुकसानीचे कारण ठरते.

प्रश्न : संपर्क-फॉर्मचे प्लगइन नीट चालत नव्हते, म्हणून ते डिलीट करून पुन्हा बसवले. आता आधी आलेले सगळे संदेश नाहीसे झाले आहेत. असे कसे झाले?

उत्तर : प्लगइन निष्क्रिय करणे आणि डिलीट करणे या दोन क्रियांचे परिणाम अगदी भिन्न आहेत. निष्क्रिय केल्यावर सर्वसाधारणपणे माहितीला हात लागत नाही. डिलीट करताना मात्र वर्डप्रेस त्या प्लगइनने दिलेली 'अनइन्स्टॉल' फाइल चालवते, आणि तिच्यात टेबले पुसण्याची आज्ञा असेल तर ती पाळली जाते. यात प्लगइन लेखकाची चूक नाही, उलट आपला पसारा आवरून जाणे ही चांगली सवय मानली जाते. काही प्लगइनच्या सेटिंगमध्ये 'प्लगइन काढताना माहितीही पुसावी' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो डिलीट करण्यापूर्वी पाहावा. फाइलीच खराब झाल्याची शंका असेल, तर डिलीट न करता त्याच प्लगइनची झिप पुन्हा अपलोड करावी. वर्डप्रेस जुन्या फाइलींच्या जागी नव्या ठेवू का, असे विचारते आणि 'अनइन्स्टॉल' चालवत नाही. तुमचे संदेश आता केवळ डेटाबेसच्या बॅकअपमधूनच मिळू शकतील. मात्र संपूर्ण डेटाबेस मागे नेऊ नका. बॅकअप चाचणी-प्रतीवर उघडून फक्त त्या प्लगइनची टेबले उचलून घ्या.

प्रश्न : स्वयंचलित अपडेट चालू ठेवावे की बंद? एक जाणकार म्हणतात चालू ठेवा, दुसरे म्हणतात मुळीच नको.

उत्तर : दोघेही वेगवेगळ्या संकटांना भीत आहेत आणि दोन्ही संकटे खरी आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये फाइल मॅनेजर नावाच्या प्लगइनमध्ये अशी त्रुटी उघड झाली, की लॉगइन न करताच कोणालाही सर्व्हरवर फाइल चढवता येत होती. हे प्लगइन तेव्हा सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवर होते, आणि दुरुस्त आवृत्ती येण्याच्या आधीच हल्ले सुरू झालेले होते. अशा वेळी आठवड्यातून एकदा सवडीने अपडेट पाहणाऱ्याचा निभाव लागत नाही. उलट बाजूने, २०१७ मध्ये डिस्प्ले विजेट्स हे प्लगइन मालकी बदलल्यानंतर अपडेटमधूनच घातक कोड पसरवू लागले आणि अखेर अधिकृत संग्रहातून काढून टाकावे लागले.

प्लगइनसाठी स्वयंचलित अपडेटची सोय २०२० च्या ५.५ या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच आहे, आणि २०२४ च्या ६.६ या आवृत्तीपासून अशा अपडेटनंतर पीएचपीची गंभीर चूक आढळली तर जुन्या फाइली आपोआप परत ठेवल्या जातात. ही सोय चांगली आहे. परंतु ती फाइलींपुरती आहे आणि ठप्प करणारी चूकच ओळखते. किंमत चुकीची दाखवणारे किंवा ई-मेल न पाठवणारे संकेतस्थळ तिच्या लेखी सुखरूपच असते. म्हणून माझा सल्ला प्लगइनच्या कामानुसार वेगळा आहे. केवळ दिसण्याशी किंवा एखाद्या छोट्या सोयीशी संबंध असलेल्या प्लगइनचे स्वयंचलित अपडेट बेलाशक चालू ठेवावे. ऑर्डर, सदस्यत्व, फॉर्म किंवा पैशांचे व्यवहार यांच्या नोंदी लिहिणारी प्लगइन मात्र स्वतः, बॅकअप घेऊन अपडेट करावीत आणि त्यांच्या सुरक्षाविषयक सूचना ई-मेलवर येतील अशी व्यवस्था करावी, म्हणजे विलंब दिवसांचा न राहता तासांचा राहील. वापरात नसलेली प्लगइन, त्यांच्या माहितीचा बॅकअप घेऊन, काढून टाकावीत. निष्क्रिय प्लगइनच्या फाइलीही सर्व्हरवर असतातच आणि त्यांतील काही त्रुटींचा गैरफायदा तरीही घेता येतो.

प्रश्न : अपडेट चालू असताना इंटरनेट तुटले. तेव्हापासून संकेतस्थळ देखभालीसाठी बंद असल्याचाच संदेश दिसतो.

उत्तर : अपडेटच्या काळात वर्डप्रेस मुख्य फोल्डरमध्ये 'डॉट मेंटेनन्स' नावाची फाइल तयार करते आणि काम संपल्यावर ती पुसते. ती राहून गेली असेल तर एफटीपीने (सर्व्हरवरील फाइली हाताळण्याच्या सोयीने) किंवा होस्टिंगच्या फाइल व्यवस्थापकातून पुसावी. नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागेल. खरे तर ही फाइल दहा मिनिटांहून जुनी झाली की वर्डप्रेस स्वतःच तिच्याकडे दुर्लक्ष करते, त्यामुळे संदेश त्यानंतरही दिसत असेल तर कॅशे (पानांच्या तात्पुरत्या साठवलेल्या प्रती) रिकामा करून पाहावा. संकेतस्थळ उघडल्यावर ज्या प्लगइनचे अपडेट अर्धवट राहिले ते आधी पूर्ण करावे.

प्रश्न : आमची होस्टिंग कंपनी रोज बॅकअप घेते. मग आम्ही वेगळा बॅकअप घेण्याची गरज काय?

उत्तर : कंपनीचा बॅकअप असावाच, पण तो एकमेव असू नये. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून त्यातील एक इमारत जळून खाक झाली, तेव्हा ज्यांचे संकेतस्थळ आणि बॅकअप दोन्ही तिथेच होते त्यांच्या हाती काहीच उरले नाही. आपली एक तरी प्रत निराळ्या कंपनीकडे, निराळ्या पासवर्डखाली असावी. तसेच रोजचा बॅकअप मध्यरात्री होत असेल आणि तुम्ही दुपारी अपडेट केले, तर सकाळभराच्या नोंदी त्यात नसतात; म्हणून अपडेटच्या अगदी आधीची प्रत स्वतः घेणे भाग आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे बॅकअप परत आणून पाहिलेला असावा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या एकाहून अधिक व्यवस्था कागदावर होत्या. पण डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने ते काम अपयशी ठरत होते, आणि त्याची सूचना देणारे ई-मेलही नाकारले जात असल्याने कोणाच्या लक्षात आले नव्हते. योगायोगाने सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर काम भागले. ज्या कंपनीचा व्यवसायच इतरांचा कोड सांभाळण्याचा, तिची ही गत. तेव्हा बॅकअप प्लगइनच्या हिरव्या खुणेवर आपण किती विसंबावे? महिना-दोन महिन्यांतून एकदा ताजा बॅकअप रिकाम्या जागी उतरवून संकेतस्थळ उभे राहते का, चित्रे दिसतात का आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, हे पाहावे.

बॅकअपची फाइल संकेतस्थळाच्याच फोल्डरमध्ये पडून राहू देऊ नये. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असलेली 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइल आणि सर्व सदस्यांची माहिती असते, आणि पत्ता अंदाजाने ओळखून ती डाउनलोड करणारे स्वयंचलित प्रोग्राम सतत फिरत असतात.

प्रश्न : चाचणी-प्रतीवर अपडेट करून पाहताना आमच्या खऱ्या ग्राहकांना 'तुमची ऑर्डर रद्द झाली' असे ई-मेल गेले. हे कसे टाळावे?

उत्तर : चाचणी-प्रत म्हणजे खऱ्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल, त्यामुळे तिला खरे ई-मेल पत्तेही ठाऊक असतात आणि खऱ्या पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या) गुप्त किल्ल्याही. प्रत तयार होताच, इतर काहीही करण्यापूर्वी, ई-मेल पाठवणे बंद करावे किंवा सगळे संदेश एकाच पेटीत वळवावेत, गेटवे चाचणी-पद्धतीवर टाकावा आणि ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे थांबवावीत. ग्राहकांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी यांच्या जागी बनावट मजकूर भरावा. अपडेटच्या चाचणीला नोंदींची संख्या आणि रचना खरी लागते, माणसे खरी लागत नाहीत. प्रतीला पासवर्डचे कुलूप लावावे, कारण शोधयंत्रांना मज्जाव करणारी सेटिंग ही केवळ विनंती असते. आणि चाचणी यशस्वी झाली म्हणून प्रतीचा डेटाबेस खऱ्या संकेतस्थळावर कधीही चढवू नये, कारण दरम्यान तिकडे आलेल्या ऑर्डरी त्याखाली पुसल्या जातील. खऱ्या संकेतस्थळावर अपडेटची तीच पायरी नव्याने करावी.