घाटात ब्रेक मऊ का पडतो?

प्रश्न : गणपतीला पाच जण आणि सामान घेऊन पुण्याहून आंबोली घाटाने सावंतवाडीला जायचंय. मागच्या वेळी उतारावर ब्रेकचं पेडल मऊ पडलं होतं. काय तपासू?

उत्तर : आधी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतली ओल शोषतं. सतत ब्रेक दाबून तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. साधारण दर 2 वर्षांनी बदलायचं असतं, पण सर्व्हिसिंगला बऱ्याचदा नुसती पातळी बघतात! ब्रेक पॅड झिजून 3 मिमीच जाडी उरली असेल तर तेही बदला. उतरताना दुसरा गिअर. न्यूट्रल कधीच नाही. टायर थंड असताना, दाराजवळच्या स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा बघून हवा भरा, स्टेपनीतही. वायपरची रबरं कडक झाली असतील तर नवी घाला.