मंडळीच्या खजिनदाराकडे हिशेब मागणं म्हणजे अविश्वास आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मंडळीने (म्हणजे तुमच्या चर्चने) तुम्हाला खजिनदार नेमलंय, तुम्हाला दर महिन्याला जमाखर्च सगळ्यांपुढे ठेवायचाय, पण तिथले ज्येष्ठ लोक म्हणतात, "आपण विश्वासाने चालतो, हिशेब कसले मागता?" वर बायबलमधलं 2 राजे 12:15 हे वचन दाखवतात. मंदिराच्या कारागिरांना देण्यासाठी ज्यांच्या हाती पैसा सोपवला त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीने वागत, असं तिथे आहे खरं.

मीही मंडळीचं आर्थिक काम पाहतो आणि हे वचन माझ्यासमोरही बऱ्याचदा ठेवलं गेलंय. त्यांना एवढंच म्हणा की तोच अध्याय जरा वरून वाचू या. योवाश राजाने मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा याजकांच्या हाती सोपवला होता. त्याच्या कारकिर्दीचं 23वं वर्ष उजाडलं तरी दुरुस्तीचा पत्ता नव्हता. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटीत बराच पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं येऊन तो मोजत व पिशव्यांत बांधत. म्हणजे राजाचा एक माणूस, मंदिराचा एक. मोजलेली रक्कम मग पुढे जाई. हिशेब मागितला नाही तो या टप्प्यानंतर. पंधरावं वचन दाखवणारे नववं-दहावं का गाळतात, हे त्यांनाच विचारा.

प्रेषित पौलाचं उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी तो निधी गोळा करत होता. रक्कम मोठी. त्याने ती आपला सहकारी तीत याच्या एकट्याच्या हाती दिली नाही. सोबत मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू दिला आणि आणखी एक पारखलेला बंधूही. कारण 2 करिंथ 8:20-21 मध्ये तो स्वतःच देतो: या पैशावरून कोणी बोट दाखवू नये, आणि जे प्रभूच्या दृष्टीने योग्य तेच माणसांच्या दृष्टीनेही योग्य असावं. "देव बघतोय, पुरे आहे" असं खुद्द प्रेषित म्हणत नाही, मग आपण कोण? (आणि येशूच्या बारा जणांत जकातीच्या नाक्यावर हिशेबात मुरलेला मत्तय असतानाही थैली यहूदाकडे होती, तो त्यातलं चोरत असे हे योहान 12:6 मध्ये नोंदवलंय. तेव्हा 'आपल्यात तसं कोणी नाही' हे वाक्य जपूनच वापरावं.)

कागदामुळे विश्वास कमी होतो असं वाटणाऱ्यांना ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरबद्दल सांगा. 1836 पासून त्यांनी अनाथालयं चालवली, पैशासाठी कोणापुढे हात पसरला नाही, प्रार्थनेवर भिस्त ठेवली. पण आलेल्या दानाची पावती दिली आणि दरवर्षी जमाखर्च छापून प्रसिद्ध केला.

आता प्रत्यक्ष काम. अर्पण भक्ती संपल्यावर तिथेच, दोघांनी मोजायचं. दोघं एकाच घरातले नसावेत. पाकिटं उघडताना त्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. 'छपरासाठी' लिहिलेलं पाकीट फोडून पैसे इतर नोटांत मिसळले आणि पाकीट कचऱ्यात गेलं, की देणाऱ्याचा हेतूही कचऱ्यात गेला. पेनाने आकडा लिहा, खाडाखोड झाली तर दोघांची सही घ्या, मगच पिशवी उचला. किर्द लिहिणाऱ्याने एकट्याने चेकवर सही करू नये. दान स्वतःच्या खात्यावर कधीच घेऊ नका, एका दिवसापुरतंसुद्धा नाही.

सगळ्यात घोळ होतो तो ठरावीक कारणासाठी आलेल्या पैशात. वीजबिल थकलं, इमारत निधीत रक्कम पडून आहे, "तात्पुरतं वापरू, मग भरू." चोरी कोणाच्याच मनात नसते. पण जमीन विकून पैसे प्रेषितांकडे आणणाऱ्या हनन्या-सप्पीरा या जोडप्याची गोष्ट नीट वाचा (प्रेषितांची कृत्ये 5). प्रेषित पेत्र हनन्याला म्हणतो, जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. थोडं ठेवून घेतलं म्हणून दोष नव्हता. सगळं दिल्याचं भासवलं, तिथे दोष होता. इमारत निधीत नसलेली रक्कम अहवालात 'शिल्लक' दाखवणं याच जातीचं आहे. वापरायचाच असेल तर देणाऱ्यांना विचारा, समितीचा ठराव करा आणि अहवालात तसं लिहा.

घरच्या व्यवहाराचंही तुम्ही विचारलंय. तिथे वेगळं शास्त्र नाही: मजुराची मजुरी अडकवू नका (याकोब 5:4), कर चुकवून दशांश (मिळकतीचा दहावा भाग देवाला) देऊ नका.

एवढं सांगूनही समितीने दोन सह्या आणि बाहेरच्या माणसाकडून तपासणी नाकारली, तर तुमची मागणी इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि पद नम्रपणे परत करा. मी तेच केलं असतं.