शरिया बँकेचा नफा नेमका येतो कुठून

प्रिय दोस्ता,

प्रोजेक्टचा ड्राफ्ट वाचला. मेहनत दिसतेय, पण पहिल्याच पानावर तू लिहून मोकळा झालायस की इस्लामिक बँका, म्हणजे शरिया या इस्लामी धर्मनियमांनुसार चालणाऱ्या, व्याज घेत नाहीत, नफा-तोटा वाटून घेतात, म्हणून त्या जास्त यशस्वी. हे "म्हणून" लिहायच्या आधी एखाद्या बँकेची बॅलन्स शीट घेऊन बस ना जरा!

वाटून घ्यायचे करार म्हणजे मुदारबा (पैसा एकाचा, मेहनत दुसऱ्याची) आणि मुशारका (दोघांचाही पैसा), पुस्तकात कौतुक सगळं त्यांचंच, पण बहुतेक बँकांच्या कर्जवाटपात त्यांचा वाटा किरकोळ असतो. रोजचा धंदा बराचसा मुराबहावर, म्हणजे वस्तू घेऊन ठरलेला नफा जोडून विकण्यावर चालतो. समज गिऱ्हाइकाला 1 लाख दिरहमची गाडी हवीय, तर बँक ती आधी स्वतः घेते आणि त्याला 1 लाख 12 हजाराला हप्त्यांवर विकते, झालं. तू म्हणशील हे तर व्याजच, फक्त वेगळ्या कपड्यात, आणि तसं म्हणणारे मुस्लिम अभ्यासकही आहेत बरं का. पण धंद्याला फरक पडतो. किंमत एकदा ठरली की ठरली, हप्ता थकला म्हणून बँकेला जास्तीचं उत्पन्न नाही, लेट फी लावली तरी ती साधारणपणे दानधर्मात जाते. आणि कागदांचा क्रम! गाडी बँकेच्या मालकीची व्हायच्या आधीच गिऱ्हाइकाची विक्रीकरारावर सही झालेली सापडली तर शरिया ऑडिटवाले, म्हणजे व्यवहार धर्मनियमांत बसतो का ते तपासणारे, ती फाइल बाजूला काढतात आणि त्यातला नफाही दानात जाऊ शकतो, म्हणजे क्लार्कची घाई थेट प्रॉफिटवर. याच्यावर तुझ्या ड्राफ्टमध्ये एक ओळ नाही.

मग कमाई कुठे? माझ्या मते ठेवींच्या बाजूला बघ. सौदीची अल राजी बँक घे, असंख्य लोक करंट अकाउंटला पैसे ठेवतात आणि त्यावर काहीच मागत नाहीत, कारण व्याज त्यांना नकोच असतं, त्यामुळे बँकेला जवळजवळ फुकट भांडवल मिळतं. मात्र 2022 पासून व्याजदर चढले तेव्हा तिथेही पैसा नफा देणाऱ्या मुदत ठेवींकडे सरकला, घरकर्जं जुन्या फिक्स दराने दिलेली, मार्जिन दबलं.

2008 च्या जागतिक आर्थिक संकटाचं उदाहरण तू अर्धंच दिलंयस. आयएमएफच्या 2010 च्या अभ्यासात आहे की सुरुवातीला या बँका जास्त तगल्या, पण 2009 मध्ये काही देशांत त्यांचा नफा इतर बँकांपेक्षा जास्त घसरला, कारण रिस्क मॅनेजमेंट कच्चं. आणि तुर्कस्तानची इहलास फिनान्स? तत्त्वं तीच, तरी 2001 मध्ये लायसन्स रद्द, ठेवीदार वर्षानुवर्षं पैशासाठी लटकले.

अजून एक, इराणची आणि दुबईची बँक एका टेबलात टाकू नकोस, इराणमध्ये सगळी बँकिंगच कायद्याने बिनव्याजी. मलेशिया घे, तिथे 1983 पासून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालतात, एकाच ग्रुपची साधी बँक आणि इस्लामिक बँक दोन्ही सापडतात, मेबँक बघ. भारतातला डेटा शोधण्यात वेळ घालवू नकोस, रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच इस्लामिक बँकिंगचा प्रस्ताव बाजूला ठेवलाय.

दुसरं चॅप्टर ठेवींपासून सुरू करून पाठव, आणि गाइडला आधी दाखवू नको, मी बघतो.