रोश्टी: आदल्या रात्रीपासून

मागच्या अंकात स्वित्झर्लंडच्या रोश्टीची कृती दिली होती: उकडलेल्या बटाट्याचा कीस तुपात थापून, दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेली जाड चकती. त्यावर आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न.

म्हापसा: बटाटे उकडून किसले, तव्यात घातले, पण लगदा झाला आणि उलटताना तीन तुकडे पडले. बांधणीसाठी थोडा मैदा किंवा अंडं घालू का?

दोन्ही नको. मैदा पडला की ते धिरडं होतं. तुम्ही कुकरला तीन शिट्ट्या करून बटाटे गरम असतानाच किसलेत, घोटाळा तिथे आहे. गरम बटाट्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगलेला असतो. किसणीवर घासला की फुटतो आणि चिकट होतो. तोच बटाटा रात्रभर थंड झाला की स्टार्च पुन्हा घट्ट होतो, गर टणक बनतो आणि किसणीतून सुटे, लांब धागे पडतात. म्हणून रोश्टीची तयारी आदल्या रात्रीच करायची.

दोघांसाठी अर्धा किलो बटाटे घ्या, शक्यतो एका आकाराचे. सालीसकट थंड पाण्यात, चमचाभर मीठ घालून, साध्या पातेल्यात उकडा. मध्यम बटाट्याला पाणी उकळल्यापासून पंधरा ते वीस मिनिटं लागतात. सुरी टोचली की बाहेरून सहज आत जावी, मधोमध मात्र किंचित अडावी. तेवढ्यावरच गॅस बंद. पाणी लगेच ओतून टाका, ताटात पसरून निववा आणि झाकण न घालता फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे वरचा ओलावा उडतो. गोव्याच्या उकाड्यात, त्यातून पावसाळ्यात, उकडलेले बटाटे रात्रभर ओट्यावर ठेवू नका, आंबतात.

सकाळी साल काढा आणि किसणीच्या सर्वांत मोठ्या भोकांवर, बटाटा लांबीच्या बाजूने धरून, एकाच दिशेने हलक्या हाताने किसा. कीस धुऊ नका. त्याच्या अंगावरचा स्टार्चच रोश्टी बांधतो. पाऊण चमचा मीठ शिंपडून बोटांनी हलकेच मोकळं करा.

तवा सपाट आणि काठाचा हवा, वीस-बावीस सेंटिमीटरचा. चपातीच्या खोलगट तव्यात मधला भाग जाड राहतो आणि काठ करपतात. बिडाचा चांगला मुरलेला पॅन सर्वांत उत्तम. नवा बिडाचा पॅन मात्र चिकटतो, तोवर नॉनस्टिक वापरा. दोन मोठे चमचे साजूक तूप तापवा, कीस घाला आणि तीन-चार मिनिटं उलथन्याने वरखाली करा, म्हणजे प्रत्येक धाग्याला तूप लागेल. मग काठ आत सारत दीड-दोन सेंटिमीटर जाडीची गोल चकती करा. वरून अलगद थोपटा, दाबून बसवू नका, नाहीतर वाफ कोंडते. मंद ते मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटं हात लावू नका. कडेला सोनेरी रेघ दिसली आणि पॅन हलवल्यावर अख्खी चकती एकसंध सरकली, की ती उलटायला तयार. ती सरकत नसेल तर अजून दोन-तीन मिनिटं थांबा.

उलटण्यासाठी चकती पॅनमधून ताटात सरकवा, पॅनमध्ये आणखी चमचाभर तूप सोडा, रिकामा पॅन ताटावर पालथा ठेवा आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून झटक्यात फिरवा. उलथन्यावर तोलून उलटायला गेलात की तुकडे होणारच. दुसऱ्या बाजूला दहा मिनिटं पुरतात.

फोंडा: सगळं नीट जमलं, पण बाहेरून काळपट झाली, आतून मात्र पुरेशी गरमही नव्हती. आच कमीच होती.

मग दोष बहुधा बटाट्याचा. शीतगृहात बरेच दिवस राहिलेल्या कच्च्या बटाट्यात स्टार्चची साखर होते आणि ती तुपात पटकन काळी पडते. चव गोडसर लागली असेल तर हेच कारण. कच्चे बटाटे फ्रिजमध्ये कधीच ठेवू नका. फ्रिज फक्त उकडल्यानंतर. शीतगृहातले असतील तर अंधाऱ्या, हवेशीर टोपलीत दोन-तीन आठवडे ठेवा, साखर बरीच उतरते. अधूनमधून चाळून कोंब आलेले आणि सडके काढत राहा.

बटाटा पिठूळ (शिजल्यावर भुसभुशीत होणारा) की चिकट (शिजूनही घट्ट राहणारा) हे ओळखायचं असेल तर एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि बटाटा सोडा. पिठूळ बुडतो, चिकट तरंगतो. रोश्टीला तरंगणारा घ्या. बुडणारा भज्यांना, वड्यांना ठेवा.

मडगाव: बेकनऐवजी गोव्याचा चोरीस (डुकराच्या मांसाचा सॉसेज) घातला तर?

छान लागतो. स्वित्झर्लंडमध्ये बर्नकडे रोश्टीत बेकन घालतातच. पण चोरिसात व्हिनेगर आणि मिरची असते, किसात मिसळून पंधरा मिनिटं भाजला की मिरची जळून कडवट होते. शंभर ग्रॅम चोरीस आवरण काढून वेगळा, त्याच्याच चरबीत परता आणि चरबी निथळवा. अर्धा कीस पॅनमध्ये, मध्ये चोरीस, वर उरलेला कीस. मीठ निम्मं करा.

डिचोली: हा आपला उपवासाचा बटाट्याचा कीसच ना? चतुर्थीला चालेल का?

भावंडं म्हणा. आपला कीस कच्च्या बटाट्याचा, झाकण घालून वाफेवर शिजवलेला, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घातलेला आणि मोकळा. रोश्टी एकसंध, खरपूस आणि झाकण न घालता केलेली. साजूक तूप आणि सैंधव वापरलंत, बाकी काही घातलं नाहीत, तर उपवासाला काहीच अडचण नाही. वर जिऱ्याची फोडणी घालायचा मोह मात्र टाळा, तिने बटाट्याची चव मागे पडते.

पणजी: ‘रोश्टिग्राबेन’ म्हणजे काय?

रोश्टीचा खंदक. स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक आणि फ्रेंचभाषक भागांमधल्या सांस्कृतिक सीमेला तिथे हे नाव आहे. सीमा साधारण झाने नदीच्या आसपास मानतात. रोश्टी मुळात जर्मनभाषक बाजूची, बर्नच्या शेतकऱ्यांची न्याहारी.

काणकोण: रात्रीची तयारी राहून गेली तर कच्च्या बटाट्याची करता येते का?

येते, तीही स्वित्झर्लंडमध्ये करतात, पण ती वेगळी लागते: चामट, दमदार आणि कडा जास्त कुरकुरीत. किसल्यावर बटाटा काळा पडतो, म्हणून पॅन तापत ठेवूनच किसा. किसाला मीठ लावून पाच मिनिटं थांबा, मग पंच्यात घालून घट्ट पिळा. पाणी एका भांड्यात धरा. तळाशी पांढरा स्टार्च बसेल, वरचं पाणी ओतून तो किसात परत मिसळा. चकती एक सेंटिमीटरहून जाड नको, नाहीतर आत कच्ची राहते. प्रत्येक बाजूला मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, आणि पहिली पाच मिनिटं झाकण ठेवलं तरी चालेल.