व्हेंटिलेटरवरच्या वडिलांना नर्स आडवं का होऊ देत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की वडील चार दिवसांपासून व्हेंटिलेटरवर आहेत, सिस्टर त्यांना रात्रीसुद्धा अर्धवट बसतंच ठेवतात, वर बेशुद्ध माणसाचे दात घासतात; हा छळ कशासाठी? मी इंदूरला आयसीयूत स्टाफ नर्स आहे, म्हणजे छळणाऱ्यांपैकीच एक.

श्वासनळीत घातलेल्या नळीच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. त्याला कफ म्हणतात (खोकल्यातला कफ वेगळा). नळीभोवतीची फट तो बंद करतो, पण पुरती नाही. तोंडातली लाळ फुग्यावर साचते आणि त्याच्या चुण्यांमधून थेंब थेंब फुफ्फुसात झिरपते. शुद्धीतला माणूस ती गिळतो, ठसका देऊन बाहेर काढतो. यांना तेही जमत नाही. व्हेंटिलेटर लावून 48 तास उलटल्यावर जो न्यूमोनिया होतो, तो बहुतेकदा असा तोंडातूनच खाली उतरतो.

म्हणून दात घासायचे, तोंडातलं पाणी सक्शनने लगेच ओढून घ्यायचं. पूर्वी आम्ही क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने तोंड पुसायचो. 2022 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी ते नको म्हटलंय. साधा ब्रशच बरा.

पलंगाचं डोकं 30 ते 45 अंश वर असतं, ते पोटातलं अन्न घशाशी येऊ नये म्हणून. पलंगाच्या कडेला अंश दिसतात, पण त्यावर विसंबू नका. पेशंट घसरत घसरत पायथ्याशी जातो, कंबरेत दुमडतो, आणि आकडा मात्र 30 च दाखवतो. मग दोघींनी चादरीला धरून त्याला वर ओढायचं. एका शिफ्टमध्ये किती वेळा, ते आमच्या पाठीला विचारा. मणक्याला मार असला किंवा बीपी फार पडलं असलं, तर डॉक्टर आडवंच ठेवायला सांगतात, ती गोष्ट वेगळी.

नळीच्या फुग्यातला दाब आम्ही दाबमापकाने मोजून 20 ते 30 सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका ठेवतो. कमी झाला तर लाळ गळते, जास्त झाला तर श्वासनळीला जखम होते. व्हेंटिलेटरच्या पाइपात साचलेलं पाणी पेशंटकडे वाहू न देता काढायचं. आणि हात धुणं आलंच.

एकदा एका काकूंनी माझी पाठ वळताच यजमानांच्या ओठांत नर्मदेचं पाणी सोडलं. आता इंदूरच्या नळालाही नर्मदाच येते, पण श्रद्धेपुढे काय बोलणार! मी सक्शन लावून ते काढलं आणि उरलेलं त्यांच्याच हाताने कपाळाला लावायला दिलं. तुमच्या घरीही कुणाच्या मनात असेल तर कपाळालाच लावा, तोंडात काही घालू नका.

नळी जितकी लवकर निघेल तितका धोका कमी. म्हणून रोज डॉक्टर राउंडला आले की विचारा, "आज झोपेचं औषध थांबवून ते स्वतः श्वास घेतात का, बघितलं का?" त्या वेळी ते हातपाय हलवतील, खोकतील. घाबरून औषध परत सुरू करा म्हणू नका.