बंद असलेला जुना फ्लॅट विकण्याआधी खर्च नेमका कशावर करावा?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडमधला २५ वर्षांचा दोन बीएचके वर्षभर बंद आहे, तुम्ही बंगळूरला असता आणि एजंट म्हणतोय, मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग करून घ्या, भाव वाढेल. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, पुण्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो. माझं मत विचाराल तर या दोन्ही गोष्टी करू नका.

आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन करून पुनर्विकासाची चर्चा कुठवर आलीय ते विचारा. बिल्डर ठरत आला असेल, तर घेणारा कार्पेट एरिया आणि पुढे मिळणारं नवं घर बघून पैसे मोजतो. तुमच्या रंगाला तिथे काही किंमत नाही. घर रिकामं करा, झाडून-पुसून घ्या आणि विका.

तसं काही नसेल, तर सगळा भर पाण्यावर द्या. जुनं घर बघायला आलेला माणूस किचनच्या ओट्याकडे नंतर बघतो. त्याआधी त्याची नजर बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांवर आणि छतावर जाते. तिथे पापुद्रे सुटलेले किंवा लोणा लागलेला दिसला की त्याच्या डोक्यात दुरुस्तीचा आकडा फिरायला लागतो, आणि तो आकडा खऱ्या खर्चापेक्षा नेहमीच मोठा असतो. फॉल्स सीलिंगला माझा विरोध त्याचसाठी आहे. जुन्या घरात नवंकोरं सीलिंग दिसलं की जाणकार माणूस विचारतो, वर काय झाकलंय?

ओल कुठून येते ते आधी शोधा. तुमच्या बाथरूममधून येत असेल तर टाइल्सचे सांधे खरवडून पुन्हा भरणं, नहाणी ट्रॅपभोवतीची (फरशीतल्या जाळीखालच्या, पाणी साठून राहणाऱ्या भांड्याभोवतीची) फट बुजवणं एवढ्यावर बऱ्याचदा काम भागतं. मग ट्रॅप बंद करून २४ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन बघा. पावसाचं पाणी किंवा बाहेरच्या सामाईक पाइपची गळती असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) ती दुरुस्ती सोसायटीची आहे. आजच लेखी अर्ज द्या.

भिंत ओली असताना पुट्टी आणि रंग अजिबात मारू नका. आतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात आणि काही महिन्यांत नवा रंग फुगतो. गळतीचं काम उन्हाळ्यात करा, एक पावसाळा जाऊ द्या, भिंत कोरडी राहिली की दसऱ्याच्या सुमारास रंग. पितृपंधरवड्यात तसंही टोकन द्यायला फारसं कुणी तयार नसतं, त्यामुळे तो वेळ वाया जात नाही. रंग पांढरा किंवा फिकट क्रीम, साधा.

बाथरूमच्या छताचं किंवा बीमचं प्लास्टर फुगलं असेल, सळईच्या रेषेत तडा असेल, तर ते रंगाऱ्याचं काम नव्हे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तुमच्या इमारतीच्या वयाला उपविधींप्रमाणे दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायचं असतं. ते झालं असेल तर अहवालाची प्रत मागून घ्या. दुरुस्त्यांची बिलंही जपा. आणि दोष लपवून विकायचा विचार कुणी सुचवलाच, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५५ वाचा. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं कायद्यानेच बंधनकारक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, समोरचा वीस वर्षांचं कर्ज काढून हे घर घेणार आहे.

किचन का नको? घेणारा स्वतःच्या पद्धतीने ते करणारच असतो. तुम्ही घातलेले पैसे तो भावात धरत नाही. गळके नळ, अडकणारा फ्लश, न लागणाऱ्या कड्या, बंद पडलेली बटणं मात्र नीट करा. खर्च थोडा असतो, आणि घराची निगा राखलीय हे त्यातून लगेच कळतं.

माळे पूर्ण रिकामे करा. जुनं कपाट, दिवाण, शोकेस कुणाला तरी देऊन टाका. खिडक्यांच्या जाळ्या धुवा, जाड पडदे काढा. घर दाखवायची वेळ तुमच्या घरात ऊन येतं ती ठेवा. तेव्हा पाणी चालू असलं तर उत्तम, कारण नळ सोडून बघणारे बरेच असतात.

बंद घराचा एक त्रास लोकांना माहीत नसतो. नळ वापरात नसले की ट्रॅपमधलं पाणी सुकतं, मग ड्रेनेजचा वास आणि झुरळं थेट घरात येतात. दार उघडताच तो वास आला की बघणारा पाच मिनिटांत निघतो. किल्ली शेजारच्या काकूंकडे असेल तर त्यांना विनंती करा, आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायच्या आणि प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये, कमोडमध्ये तांब्या-दोन तांबे पाणी ओतायचं.