व्हेंटिलेटर न लावणे आणि लावून काढणे यांत नैतिक फरक आहे का?

आपले ७४ वर्षांचे वडील फुफ्फुसांच्या जुन्या आजारामुळे सध्या बायपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रावर) आहेत, थोडे थोडे बोलू शकतात, आणि पुढे नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल अशी कल्पना डॉक्टरांनी दिली आहे. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘एकदा लावला की काढता येत नाही, काढला तर आपणच मारल्यासारखे होईल, त्यापेक्षा लावूच नये.’ या दोहोंत नीतीच्या दृष्टीने खरोखर फरक आहे का, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते नाही. मी गोव्यात अतिदक्षता विभागात २६ वर्षे परिचारिका होते आणि या प्रश्नावर पुस्तकांपेक्षा खाटांच्या कडेला उभी राहून अधिक विचार केला आहे. फरक जाणवतो, हे मात्र मी नाकारणार नाही. नळी घातलीच नाही तर कोणालाच काही करावे लागत नाही. काढताना मात्र गालावरची चिकटपट्टी सोडवावी लागते, नळीच्या फुग्यातील हवा सिरिंजने काढून घ्यावी लागते, नळी ओढून घ्यावी लागते आणि मग तोंड पुसावे लागते. हे सारे मी माझ्या हातांनी केले आहे आणि त्या रात्री मला झोप आलेली नाही. पण हातांना जे जड वाटते ते चूकच असते, असे त्यावरून ठरत नाही.

डायलिसिसचे उदाहरण घ्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाने विचारपूर्वक ‘आता पुरे’ म्हटले आणि तो पुढच्या वेळी आला नाही, तर आपण उपचार थांबवले की नवा उपचार सुरू केला नाही? दोन्ही म्हणता येते आणि त्याने परिस्थितीत काहीच बदलत नाही. व्हेंटिलेटर अखंड चालतो म्हणून तेथे ‘काढणे’ हा शब्द वापरावा लागतो, एवढेच. तो यंत्राच्या रचनेतून आलेला फरक आहे. त्यातून पाप-पुण्य ठरू नये.

‘नळी काढली तरी मृत्यू आजारानेच येतो’ असे समाधान पुष्कळदा दिले जाते. ते मला अपुरे वाटते, कारण एखाद्या वैऱ्याने रात्री येऊन तीच नळी उपसली, तर आपण त्याला खूनच म्हणू, आजार तोच असला तरी. म्हणजे निर्णायक गोष्ट हाताची हालचाल नाही आणि केवळ मृत्यूचे कारणही नाही. रुग्णाच्या शरीरात यंत्र असण्याला त्याची संमती आहे का आणि ते यंत्र त्याच्यासाठी अजून काही साधत आहे का, यावर सारे अवलंबून आहे. या दोन्ही गोष्टी संपल्या की यंत्र चालू ठेवण्याचेच समर्थन द्यावे लागते. जेम्स रेचल्स या अमेरिकी तत्त्वचिंतकाने १९७५ मध्ये याहून पुढे जाऊन, मारणे आणि मरू देणे यांतही मुळात फरक नाही, असे मांडले. तिथवर मी जात नाही. प्राण घेण्यासाठी इंजेक्शन देणे मला करता येणार नाही. आपल्या देशात तो गुन्हाही आहे.

आपल्या गोव्यात शेजारीपाजारी ख्रिस्ती कुटुंबे असतात आणि चर्चला हे मान्य नाही, असे अनेकदा ऐकू येते. वास्तविक पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितले होते की, जीव राखण्याचे कर्तव्य सामान्य उपायांपुरते असते. असाधारण उपाय बंधनकारक नसतात.

एक गोष्ट मनातून जात नाही. डिचोली तालुक्यातील एका आजीचे तीन मुलगे निर्णय घेऊ शकत नव्हते, म्हणून थोरला गावच्या देवळात कौल घ्यायला गेला. मूर्तीला लावलेली फुलाची पाकळी पडली की देवाने उत्तर दिले, असे मानतात. संध्याकाळी परतला तेव्हा त्याच्या हातात केळीच्या पानात बांधलेली फुले होती आणि तो एवढेच म्हणाला, ‘सिस्टर, पाकळी पडलीच नाही.’ मी याला अंधश्रद्धा म्हणत नाही. आईच्या मृत्यूचे ओझे एकट्याने उचलवत नव्हते, म्हणून तो देवाकडे गेला होता. परंतु दोन महिन्यांपूर्वी जी आजी घरी सोप्यावर बसून सर्वांशी बोलत होती, तिला कोणीच काही विचारले नव्हते.

कायद्याचे थोडक्यात सांगते. हल्ल्यानंतर वर्षानुवर्षे अचेत अवस्थेत राहिलेल्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली, तरी उपचार थांबवण्याचा मार्ग तत्त्वतः खुला केला. (केईएमच्या परिचारिकांनी त्यांना ज्या मायेने सांभाळले, ते आठवले की, नळीने दिलेले अन्न हे यंत्रासारखे मानावे का, या प्रश्नाशी मी आजही अडखळते.) ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो, असा निकाल झाला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची प्रक्रिया सोपी करण्यात आली. आता ‘असे उपचार नकोत’ हे आधीच लिहून ठेवणारे इच्छापत्र दोन साक्षीदारांसमक्ष, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येते. ते नसेल तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या दोन मंडळांच्या मताने उपचार थांबवता येतात. गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी मे २०२४ मध्ये असे इच्छापत्र नोंदवून सुरुवात केली.

म्हणून ‘काढता येत नाही’ ही समजूत मला क्रूर वाटते. तिच्या भीतीने लोक असा प्रयत्नही नाकारतात, ज्याने कदाचित माणूस पाच दिवसांत उठून बसला असता. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: मुदत ठरवून प्रयत्न करता येईल का, किती दिवस, आणि सुधारणा कशावरून ओळखायची?

पण त्याआधी, आजच, वडिलांना विचारा. श्वास लागलेल्या माणसाला लांब उत्तर देता येत नाही, तेव्हा प्रश्न असे ठेवा की मान हलवून सांगता येईल. त्यांना उशीवर पुढे रेलून बसवा, बायपॅपचा मास्क क्षणभर काढता येईल का ते सिस्टरांना विचारा, खोलीत एक-दोनच माणसे राहू द्या. ‘बाबा, नळी घालून थोडे दिवस बघूया का?’ आणि ‘बरे वाटले नाही तर काढूया का?’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा आणि दोन्हींच्या मध्ये त्यांना दम घेऊ द्या.